दोन विमान कंपन्यांचे प्रस्ताव हातात आहेत : पायलटच्या पगाराची तुलना कशी करायची?

सातपूर_एमआयडीसी

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाची मुलगी सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, करून आली. बारावी सायन्स, मग डीजीसीएच्या (विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था) परीक्षा, दोनशे तासांचं उड्डाण आणि शेवटी टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी. घरात याआधी कुणी विमानाच्या पुढच्या भागात बसलेलं नाही. भावाने सातपूरचा गाळा तारण ठेवून ४० लाखांचं कर्ज काढलंय. दहा वर्षं आणि साधारण ११ टक्के व्याज धरलं तर महिन्याला ५५ हजारांच्या आसपास हप्ता बसतो.

आता तिच्याकडे फर्स्ट ऑफिसर (कॅप्टनच्या हाताखालचा पायलट) म्हणून दोन कंपन्यांचे प्रस्ताव आहेत. नावं लिहीत नाही, तशी गरजही नाही. एक जेटवाली कंपनी आहे. तिचा तासाचा दर जास्त, पण गॅरंटी ४० तासांची, म्हणजे कमी उडाली तरी तेवढ्या तासांचे पैसे नक्की. दुसरीकडे एटीआर विमानं आहेत, ओझरला उतरतात तसली पंख्याची. तिथे दर कमी, पण गॅरंटी ७० तासांची. आकडे मुद्दाम गोल करून सांगतो. जेटला तासाला ४ हजार, म्हणजे ४० तासांचे १ लाख ६० हजार नक्की, पुढे उडेल तसं वाढत जाणार. एटीआरला तासाला ३ हजार, म्हणजे ७० तासांचे २ लाख १० हजार नक्की.

भाऊ म्हणतो जेट, कारण पुढे कॅप्टन झाल्यावर जेटवरच पैसा आहे. वहिनी म्हणते जिथे नक्की जास्त मिळतात तिथे जावं. मुलगी म्हणते, "काका, पगार सोडून बाकीचं कुणी वाचतच नाहीये." तिने आणलेला करार जाडजूड आहे. त्यात रोस्टर, स्टँडबाय, बाँड, नोटीस, डेडहेड असे शब्द पानोपानी आहेत.

आपल्याकडे ओझरच्या एचएएलमुळे विमानांशी संबंध असलेली बरीच मंडळी आहेत, काही जण एअरलाइनमध्येही आहेत. दोन कंपन्यांची खरी तुलना कशी करायची, हे अनुभवी माणसाकडून समजून घ्यायचंय. "पॅशन फॉलो करू दे" असे सल्ले कृपया नकोत. ते तिने आधीच केलंय.

उजवी_सीट

काका, तुमची पुतणी बरोबर बोलतेय. मी काही वर्षं उजव्या सीटवर (फर्स्ट ऑफिसर) काढून आता डावीकडे (कॅप्टन) बसतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

आधी तुमचेच आकडे घ्या. एटीआरचे २ लाख १० हजार नक्की आहेत. जेटवर तेवढेच मिळवायला तिला महिन्याला साडेबावन्न तास उडावं लागेल. त्यापेक्षा जास्त उडाली तर जेट पुढे. ७० तास झाले तर २ लाख ८० हजार, म्हणजे ७० हजारांचा फरक. पण महिन्यात सिम्युलेटर चेक आला, रजा घेतली, ताप आला किंवा कंपनीची विमानंच जमिनीवर राहिली, तर ती १ लाख ६० हजारांवर येते. हप्ता मात्र ५५ हजारांचाच राहतो. म्हणून पहिला प्रश्न दराचा नाही. त्या ताफ्यावर त्या बेसचे (जिथून ड्यूटी सुरू होते ते शहर) फर्स्ट ऑफिसर गेल्या वर्षभरात सरासरी किती तास उडाले, ते विचारा. एचआर सांगणार नाही. तिथे नोकरी करणारा कुणी ओळखीचा शोधा, तो लगेच सांगेल.

दुसरं, पगाराचा तास आणि कामाचा तास एक नसतात. पैसे ब्लॉक तासांचे मिळतात, म्हणजे विमान स्टँडवरून हललं तिथपासून पुढच्या स्टँडवर थांबेपर्यंतचे. रिपोर्टिंग, ब्रीफिंग, मधला टर्नअराउंड (उतरून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ), उतरल्यावरची कागदपत्रं यांना वेगळा दर नसतो. एटीआरवरचा एक दिवस धरू. चार सेक्टर (उड्डाणं), प्रत्येकी एक तास दहा मिनिटं, म्हणजे ब्लॉक झाला ४ तास ४० मिनिटं. त्यात रिपोर्टिंगचा एक तास, तीन टर्नअराउंड अर्ध्या-अर्ध्या तासाचे आणि शेवटचा अर्धा तास मिळवा. ड्यूटी ७ तास ४० मिनिटांची होते. जेटवर अडीच-अडीच तासांचे दोन सेक्टर धरले तर ब्लॉक ५ तास आणि ड्यूटी साधारण सात तास. म्हणजे जेटवर कमी वेळ नोकरीवर राहून जास्त पगारी तास पडतात. शिवाय चारऐवजी दोनच टेकऑफ आणि दोनच लँडिंग. मेच्या दुपारी आपल्या पठारावर एटीआर चार वेळा उतरवून बघा, अंग मोडून येतं.

त्यामुळे ७० तासांची गॅरंटी ऐकायला गोड असली तरी एटीआरवर ७० तास खरोखर उडायला महिन्याचे जवळपास पंधरा कामाचे दिवस लागतात, तेही चार-चार सेक्टरचे. कागदावर दोन्ही '७० तास'च दिसतात.

करारातली एक ओळ शोधा. तास शेड्यूलप्रमाणे मोजतात की प्रत्यक्ष, की दोन्हींत जास्त असेल ते? मुंबईवर अर्धा तास घिरट्या घालाव्या लागल्या तर तो अर्धा तास कुणाचा, हे त्या ओळीवर ठरतं.

लासलगाव_रोड

कांद्याला हमीभाव नाही, त्यामुळे गॅरंटी नसली म्हणजे काय होतं ते आम्हाला कुणी सांगायला नको. ज्या पिकांना हमी आहे त्यांचा चांगल्या वर्षी बाजारभाव हमीपेक्षा वर असतो आणि सगळे म्हणतात हमी कशाला हवी. पडत्या वर्षी मात्र घर तिच्यावरच टिकतं. कर्ज डोक्यावर असेल तोवर हमीकडे बघा, असं माझं स्पष्ट मत.

ओझर_निवृत्त

एचएएलच्या ओझर कारखान्यात माझी नोकरी गेली, मिगपासून सुखोईपर्यंत. आम्ही विमानं बांधणारे, उडवणारे नाही. पण एअरलाइनच्या पायलटांची भांडणं जवळून पाहिली आहेत, कारण माझे दोन मित्र इंडियन एअरलाइन्समध्ये इंजिनीअर होते.

तुलना ही या धंद्यातली सगळ्यात स्फोटक गोष्ट आहे, हे आधी लक्षात घ्या. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक केल्या. कंपनी एक झाली, पण पगाराचे आणि ड्यूटीचे करार दोनच राहिले. एकाच कंपनीतल्या दोन कॅप्टनांचे पगार वेगळे, कारण त्यांच्या जुन्या कंपन्या वेगळ्या. त्यातूनच २०११ च्या एप्रिल-मेमध्ये आयसीपीए या पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सच्या पायलटांच्या संघटनेने समान पगारासाठी संप केला. मग दोन्हीकडच्या अटी एकसारख्या करायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, इंडियन पायलट्स गिल्ड ही मूळच्या एअर इंडियाच्या पायलटांची संघटना संपावर गेली आणि तो संप ५८ दिवस चालला. त्या वेळी मुद्दा पगाराचा नव्हता, नव्या बोइंग ७८७ चं प्रशिक्षण कुणाला द्यायचं याचा होता. बाहेरच्याला वाटतं, विमानावरून कसला संप? पण कुठलं विमान मिळतं यावर बढती ठरते आणि बढतीवर पुढच्या वीस वर्षांचा पगार.

आता अलीकडचं. कोविडच्या आधी एअर इंडियात गॅरंटी ७० तासांची होती. कोविडमध्ये ती २० वर आणली. टाटांनी जानेवारी २०२२ मध्ये कंपनी घेतली आणि एप्रिल २०२३ च्या नव्या रचनेत ती ४० केली. व्यवस्थापनाच्या लेखी ती दुप्पट झाली होती. तोच ४० तासांचा करार, एअर इंडियात विलीन होण्याआधी, विस्तारा या टाटांच्याच दुसऱ्या विमान कंपनीच्या पायलटांपुढे आला, तेव्हा त्यांच्याकडे ७० तासांची गॅरंटी चालू होती. एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला मोठ्या संख्येने पायलट आजारी पडले आणि विस्ताराची विमानं पटापट रद्द होऊ लागली. एकच आकडा एका कंपनीत वाढ आणि शेजारच्या कंपनीत कपात. तुमच्या पुतणीला तो ४० चा आकडा दिसतोय ना, त्याच्या मागे एवढा इतिहास आहे.

सिन्नर_फाटा

सगळं मान्य, पण एक विचारतो, राग मानू नका. महिन्याला दोन-अडीच लाख, कॅप्टनला त्याच्या कितीतरी पट, वर्षाला हजार तासांची मर्यादा. आमच्या कंपनीत पोरं बारा तासांची शिफ्ट करून पंचवीस हजार घेतात. यांनी अजून काय मागावं? डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची विमानं रद्द झाली तेव्हा लोक विमानतळांवर रात्रभर पडून होते. त्यांनी काय पाप केलं होतं?

गंगापूर_रोड

सिन्नर_फाटा दादा, मी डॉक्टर आहे, माझ्या बाजूने उत्तर देते.

पंचवीस हजारांत बारा तास राबणाऱ्या मुलांवर अन्याय होतोय, यात वाद नाही. पण त्यांच्यावर अन्याय होतो म्हणून पायलटने कमी झोपावं, असं त्यातून निघत नाही. हजार तासांची मर्यादाही उड्डाणाच्या तासांची आहे, नोकरीच्या तासांची नाही, हे वर आलंच आहे.

२२ मे २०१० रोजी मंगळुरूला एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान टेबलटॉप (डोंगरमाथ्यावरच्या) धावपट्टीवरून खाली गेलं, १५८ माणसं गेली. दुबईहून रात्री निघून पहाटे उतरणारं विमान. चौकशीच्या अहवालात नोंद आहे की कॅप्टन उड्डाणाचा बराच मोठा भाग झोपेत होते, व्हॉइस रेकॉर्डरवर घोरण्याचा आवाज आहे. जाग आल्यावर मेंदू लगेच पूर्ण चालू होत नाही. काही मिनिटं माणूस जागा दिसतो, पण निर्णय झोपेतल्यासारखे घेतो. आमच्याकडे रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरांमध्ये हे रोज दिसतं. पहाटे दोन ते सहा हा शरीराचा सगळ्यात मंद काळ. पगार कितीही वाढवा, तो काळ सरकत नाही.

म्हणून ड्यूटीचे नियम हा पगाराच्या पुढे-मागे जोडलेला तपशील नाही. माझ्या मते तुलना तिथूनच सुरू व्हावी.

उजवी_सीट

डॉक्टर ताईंना पूर्ण अनुमोदन. डिसेंबरचा विषय निघालाय तर नीट सांगतो, कारण त्यात पायलट अडून बसले होते असा बऱ्याच जणांचा समज आहे.

डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास. 'रात्र' आधी मध्यरात्री बारा ते पहाटे पाच धरत, ती सहापर्यंत नेली. रात्रीत शिरणाऱ्या ड्यूटीत लँडिंग सहावरून दोनवर आणली, उड्डाण आठ तास आणि ड्यूटी दहा तासांच्या आत. लागू व्हायचे होते १ जून २०२४ ला. कंपन्यांनी मुदत मागितली, ते पुढे गेले. पायलट संघटना दिल्ली उच्च न्यायालयात होत्याच. शेवटी दोन टप्पे ठरले, १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५. म्हणजे कंपन्यांना तयारीला पावणेदोन वर्षं मिळाली.

आता त्या पाच ते सहाच्या एका तासाने काय होतं ते बघा. पहाटे साडेपाचचं रिपोर्टिंग आधी दिवसाची ड्यूटी होती. त्यात चार सेक्टर बसायचे. आता ती रात्रीला शिवते, म्हणून दोन लँडिंग झाली की संपलं. राहिलेले दोन सेक्टर उडवायला दुसरी जोडी हवी. ज्या कंपनीची पहाटेची आणि मध्यरात्रीची उड्डाणं सर्वात जास्त, तिला सर्वात जास्त पायलट लागणार. इंडिगोचं नेमकं तेच झालं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. मग सरकारने इंडिगोला रात्रीच्या नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली आणि रजा ही साप्ताहिक विश्रांती म्हणून धरायची नाही, हे कलम सगळ्यांसाठीच मागे घेतलं.

या शेवटच्या ओळीचा अर्थ काका, तुमच्या पुतणीला समजावून सांगा. आठवड्याचे ४८ तास तिला झोपेसाठी आहेत. तिने दोन दिवस रजा काढून भावाच्या लग्नाची धावपळ केली, तर कंपनी म्हणू शकते की तुमची विश्रांती झाली. त्यामुळे करारात रजा आणि विश्रांती वेगळ्या लिहिल्या आहेत का, ते पाहा. सरकारी नियम ही तळाची फरशी. फरशीच्या वर कोण किती चढलं, तिथे दोन कंपन्यांत फरक पडतो.

आणि सिन्नर_फाटा दादा, त्या रात्री विमानतळावर पडलेल्या लोकांचं दुःख खरं आहे. माझी सासू त्यांच्यात होती. पण माणसं कमी ठेवायचा निर्णय कॉकपिटमध्ये होत नाही.

सिन्नर_फाटा

पावणेदोन वर्षांचं माहीत नव्हतं. टीव्हीवर कुणी सांगितलं नाही. धन्यवाद.

पंचवटी_ते_अटलांटा

मी मूळचा पंचवटीतला, आता अटलांटात. शेजारी डेल्टा या अमेरिकन विमान कंपनीचा पायलट राहतो, त्यामुळे इकडची पद्धत थोडी माहीत आहे.

इकडे तुलना उघड्यावर होते. करार युनियन करते, दराचे तक्ते सगळ्यांना माहीत असतात. मार्च २०२३ मध्ये डेल्टाच्या पायलटांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार मंजूर केला आणि त्याच वर्षी अमेरिकन आणि युनायटेड यांना त्या मापाचे करार करावे लागले. एकाने रेघ ओढली की बाकीचे तिथे येतात.

पण दर हा करारातला सोपा भाग. शेजारी म्हणतो की खरी लढाई कामाच्या नियमांवर असते. मोठ्या कंपन्यांत तुम्ही एका दिवसासाठी कामावर गेलात, तर विमान कमी उडालं तरी दिवसाचे सरासरी पाचेक तास पगारी धरतात. बेसवरून निघून परत येईपर्यंतचा एकूण वेळ खूप लांबला तर त्याच्या प्रमाणात किमान पगारी तास द्यावे लागतात. म्हणजे हॉटेलात रिकामं बसवून ठेवणं कंपनीला फुकट पडत नाही. भारतात असं काही करारात असेल, तर ती कंपनी चांगली समजा.

एक फरक मात्र मोठा आहे. इकडे सगळं सीनिऑरिटीवर चालतं. डेल्टाचा वीस वर्षांचा कॅप्टन युनायटेडला गेला तर तो यादीच्या तळाशी, पुन्हा फर्स्ट ऑफिसर. त्यामुळे कुणी कंपनी बदलत नाही, आणि म्हणूनच करार बदलून घेण्यासाठी एवढा जोर लावतात.

छोट्या कंपन्यांची गोष्ट वेगळी होती. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोलगन या छोट्या कंपनीचं टर्बोप्रॉप (पंख्याचं विमान) पडलं, ५० जण गेले. फर्स्ट ऑफिसर सिएटलला आई-वडिलांकडे राहायची, पगार तुटपुंजा. आदल्या रात्री देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला मालवाहू विमानातून प्रवास करून ती नेवार्कला ड्यूटीवर आली होती. त्यानंतर विश्रांतीचे नियम बदलले, ते जानेवारी २०१४ पासून लागू झाले. आता दोन ड्यूट्यांच्या मध्ये किमान दहा तास, त्यात आठ तास झोपेची संधी.

सातपूर_एमआयडीसी

कोलगनचं वाचून वहिनीचा चेहराच उतरला, कारण आमच्या घरातही तीच योजना चालली होती. बेस मुंबई मिळाला तर मुलीने नाशिकलाच राहायचं, ड्यूटीच्या दिवशी गाडीने जायचं. समृद्धी झालाय, नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय, असं भावाचं म्हणणं. हे जमेल का?

दुसरं, भारतात कंपनी बदलली तर सीनिऑरिटी जाते का? आणि नोटीस सहा महिन्यांची का?

उजवी_सीट

आधी नोटीस.

भारतात उलट आहे. कॅप्टन दुसऱ्या कंपनीत कॅप्टन म्हणूनच जातो, बहुतेक वेळा जास्त पगारावर. म्हणजे आपल्याकडे पगार वाढतो तो पायलट पळवल्यामुळे, एकत्र बसून केलेल्या करारामुळे फारसा नाही. हे कंपन्यांना परवडत नाही. म्हणून डीजीसीएने ऑगस्ट २०१७ मध्ये नोटीस कॅप्टनला एक वर्ष आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने केली. नवीन कंपनी वर्षभर सीट रिकामी ठेवून थांबत नाही, त्यामुळे बोलणी तिथेच थंडावतात. २०२३ मध्ये आकासा एअरचे ४३ पायलट नोटीस न भरता निघून गेले, तर कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. मी नोटीस न भरता जाण्याच्या बाजूचा नाही, मागे राहिलेल्यांच्या रोस्टरवर ते ओझं पडतं. पण एका बाजूला पगार महिन्याच्या तासांवर कमी-जास्त होणार आणि दुसऱ्या बाजूला माणूस वर्षभर बांधलेला, हे न्यायाचं नाही. हे मी कुठेही सांगेन.

म्हणून पहिली कंपनी विचारपूर्वक निवडा. "बघू, नाही जमलं तर बदलू" हे या धंद्यात सोपं नाही. वर बाँड असतो, म्हणजे ठरावीक वर्षांच्या आत सोडलं तर भरायची रक्कम. टाइप रेटिंग तुम्ही स्वतःच्या पैशाने केलंय, मग बाँड कशाचा? कंपनी नेमका कोणता खर्च करणार आहे आणि बाँडची रक्कम दर वर्षी उतरते की शेवटपर्यंत पूर्ण राहते, हे लिहून घ्या.

आता नाशिक-मुंबई. नको. ड्यूटी रिपोर्टिंगपासून मोजतात, घरातून निघाल्यापासून नाही. पहाटे साडेपाचला रिपोर्टिंग म्हणजे नाशिकहून रात्री दीडच्या आत निघायला हवं, म्हणजे झोप झालीच नाही. समृद्धी आमण्यापर्यंत सुसाट आहे, पुढे भिवंडी-ठाण्याचं काय? परतताना कसारा उतारावर नाही, चढावर असतो, पण दहा तासांच्या ड्यूटीनंतर स्टिअरिंगवर डोळा लागायला चढ-उतार लागत नाही. आणि स्टँडबाय असेल तर फोन आल्यापासून ठरावीक वेळात हजर व्हावं लागतं, ती वेळ नाशिकहून पाळताच येणार नाही. दोघी-तिघींनी मिळून बेसजवळ फ्लॅट घ्यावा. ते भाडं दोन्ही प्रस्तावांतून वजा करा, मग तुलना करा. नाशिकला सलग दोन दिवसांची विश्रांती असेल तेव्हाच यावं.

कॉलेज_रोड_आई

माझी मुलगी या क्षेत्रात आहे, म्हणून कुणी न विचारलेलं लिहिते. भारतात महिला पायलटांचं प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, जगात सगळ्यात वरचं, याचा आपल्याला अभिमान असतो. पण करार वाचताना घरात कुणी बाळंतपणाचा विचार करत नाही, कारण मुलगी बावीस वर्षांची असते.

गरोदरपणात उड्डाण थांबलं की उड्डाण भत्ता थांबतो. तेव्हा ग्राउंड ड्यूटी मिळते की घरी बसवतात, आणि त्या काळात गॅरंटीचे तास चालू राहतात की फक्त मूळ पगार? हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगते. प्रसूती रजा २६ आठवड्यांची, आणि कायद्याने त्या रजेचा पगार आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. ते तीन महिने ती जमिनीवर, मूळ पगारावर असेल तर सरासरीच खाली येते. म्हणजे एकाच गोष्टीचा फटका दोनदा. माझ्या मुलीच्या एका मैत्रिणीला हा हिशेब रजेवर जाताना कळला, तेव्हा काही करता आलं नाही.

तशीच दुसरी ओळ मेडिकलची. क्लास वन मेडिकल, म्हणजे उडायला लागणारं आरोग्याचं प्रमाणपत्र, तात्पुरतं गेलं, पाय मोडला किंवा डोळ्याचं काही निघालं, तर किती महिने पगार चालू राहतो? लॉस ऑफ लायसन्सचा विमा कंपनी देते का, आणि पहिल्या दिवसापासून की दोन वर्षांनी? कर्ज बापाच्या नावावर असताना हे आधी बघावं.

ओझर_निवृत्त

ताई, फार मोलाचं लिहिलंत.

मी एकच जोडतो, कंपनीची तब्येत. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, जेट १७ एप्रिल २०१९ ला, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. जेटचं नाशिक-दिल्ली विमान आदल्याच वर्षी, जून २०१८ मध्ये सुरू झालं होतं, ओझरला किती आनंद झाला होता आठवतं. त्या कंपन्यांतही गॅरंटी होतीच, तीही छापील. पगार आधी दहा दिवस उशिरा यायला लागतो, मग अर्धा येतो. तेव्हा गॅरंटी ४० ची की ७० ची, हा प्रश्नच उरत नाही. जी कंपनी पगार तारखेला देते आणि जिची विमानं सुट्या भागांअभावी उभी नाहीत, तिला माझं पहिलं मत.

लासलगाव_रोड

बरोबर. हमी देणारा टिकला पाहिजे.

सातपूर_एमआयडीसी

काल रात्री आम्ही सगळे करार घेऊन बसलो, पुतणीने एकेक कलम मोठ्याने वाचलं. एटीआरच्या करारात गॅरंटी ७० तासांची आहे, पण खाली बारीक अक्षरात लिहिलंय की बिनपगारी रजा, मेडिकल आणि "कंपनीच्या नियंत्रणाबाहेरील परिस्थिती" या काळात ती लागू नाही. जेटच्या करारात ४० ची गॅरंटी आजारपणातही चालू राहते, पहिले तीन महिने. बाँड दोन्हीकडे आहे. जेटवाल्यांची बाँडची रक्कम वर्षागणिक उतरते, एटीआरवाल्यांची उतरत नाही. शेड्यूल की प्रत्यक्ष, हे दोघांनीही लिहिलेलं नाही.

भाऊ आता म्हणतो, जेट. वहिनीचंही मन वळलंय, पण तिची अट आहे की फ्लॅट आधी बघायचा. पुतणी दोन्ही कंपन्यांना मेल लिहितेय. गरोदरपणातल्या पगाराचा प्रश्न तिने स्वतः पहिल्या नंबरवर टाकला. पंचवटीकर, लेओव्हरला (बाहेरगावच्या मुक्कामात) रिकाम्या दिवसाचे तास मिळतात का, हेही तिने घातलंय.

एक शेवटची शंका. "नियंत्रणाबाहेरील परिस्थिती" म्हणजे कोविडसारखंच की काहीही?

उजवी_सीट

व्याख्या दिलेली नसेल तर काहीही. धुकं, इंजिनांचा तुटवडा, एखादा हवाई मार्ग बंद, सगळं त्यात बसवता येतं. मेलमध्ये थेट लिहा की या कलमात कोणत्या घटना येतात त्यांची यादी द्यावी, आणि अशा वेळी किमान किती तास धरणार तो आकडा द्यावा. उत्तर फोनवर आलं तर नम्रपणे सांगायचं, "सर, हेच मेलवर पाठवाल का?" सही त्यानंतर. त्यांनी दिलेली मुदत संपत आली असेल तर आठवडाभर वाढवून मागा. सध्या सगळ्यांनाच पायलट हवेत, नवे नियम पाळायचे तर माणसं लागणारच. आठवड्यासाठी कुणी प्रस्ताव मागे घेत नाही.